दात पांढरे करायचेत? आधी डाग कशाचा ते बघा!

संक्रांत झाली, गड्ड्यावरची गर्दी अजून ओसरली नव्हती, आणि आमच्या गल्लीत हळदीकुंकवांचा धडाका सुरू होता. अशाच एका हळदीकुंकवात तिळगुळाची वाटी हातात धरून बसले असताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. आपल्या बायका हसताना पदर तोंडाशी नेतात. ती लाज, असे आपण समजतो. पण सगळ्याच काही लाजत नसतात बरं का! कितीतरी जणी दात झाकत असतात. कुणाचे पिवळे, कुणाचे तपकिरी, कुणाच्या पुढच्याच दाताला काळी कड. फोटो काढायची वेळ आली की ओठ घट्ट मिटलेले.

निघताना समोरच्या वहिनींनी मला बाजूला घेतले. त्यांच्या लेकीचे लग्न ठरले आहे, वैशाखातले. "ताई, तुम्ही मासिकात लिहिता. दात पांढरे करायचं काही औषध असलं तर सांगा की. पोरगी रोज लिंबू घासालीय दाताला."

लिंबू! मोबाइलवर कुणीतरी सांगितले म्हणून ती मुलगी पंधरा दिवस लिंबाच्या फोडीवर खायचा सोडा घालून दात चोळत होती. दात पांढरे होणे दूरच, आता माठातले पाणी प्यायले तरी कळ जात होती. मी म्हटले, चला, तिघी मिळून दातांच्या डॉक्टरांकडे जाऊ. नवीपेठेत एक डॉक्टरीणबाई आहेत, आमच्या घरातले सगळे त्यांच्याकडेच जातात. त्या दुपारी जे ऐकले-पाहिले आणि नंतर खणून वाचले, तेच आज तुम्हांला सांगते आहे.

आंबट खाल्ले की दात आंबतात, हे आपल्याला चिंचा-कैऱ्या खायच्या वयापासून ठाऊक आहे. ते का आंबतात, याचा विचार मात्र आपण करत नाही. दाताच्या वर एनॅमलचे कवच असते. शरीरातला सगळ्यांत कठीण पदार्थ हाच, हाडाहूनही कठीण. पण आम्लापुढे त्याचे काही चालत नाही, ते विरघळू लागते. लिंबू लावून वर घासायचे म्हणजे मऊ पडलेले कवच आपल्याच हाताने खरवडून काढायचे. केस कापले तर वाढतात, नख तुटले तर येते. एनॅमल एकदा गेले की गेले. आणि गंमत अशी की एनॅमलच्या खालचा थर मुळात पिवळसर असतो. कवच जितके पातळ, तितका तो पिवळेपणा जास्त दिसणार. म्हणजे पांढरे करायला गेलो आणि पिवळे होऊन बसलो!

म्हणून लिंबू बाद. चिंच, व्हिनेगर, दातांवर चोळायची कुठलीही आंबट वस्तू बाद. लिंबू सरबत प्यायल्यावरसुद्धा लगेच ब्रश करू नका, नुसत्या पाण्याने चूळ भरा आणि अर्धा तास जाऊ द्या. नुसता खायचा सोडा तितका वाईट नाही, वरवरचा चहाचा डाग त्याने थोडा निघतो. पण रोजच्या पेस्टची जागा तो घेऊ शकत नाही. मीठ जाडेभरडे असेल तर हिरड्या सोलवटतात. गोवरीची राखुंडी, कोळशाची पूड, विटेची वस्त्रगाळ पूड ही आपल्या आजी-पणजीची मंजने. ज्यांच्याकडे दुसरे काही नव्हते, त्यांनी ती वापरली. आता तोच कोळसा काळ्या नळीत भरून महागड्या भावाने विकायला आला आहे. कोळसा दात पांढरे करतो याला धड पुरावा नाही. घासून झीज मात्र होते. लाल दंतमंजनातही गेरू असतो आणि तो खरखरीत असतो. केळ्याचे साल दातांना फासायला सांगतात, त्याबद्दल काय बोलावे? साल म्हशीला घाला.

डॉक्टरीणबाईंनी मुलीचे दात पाहिले आणि आधी हसल्याच. म्हणाल्या, "हिचे दात चांगले आहेत. थोडा चहाचा थर आहे, मागच्या बाजूला कीटण आहे. बाकी हा रंग तिचा स्वतःचा."

हे मला फार महत्त्वाचे वाटले. आपण जाहिरातीतले, सिनेमातले दात बघतो आणि तोच दाताचा रंग असे धरून चालतो. कागदासारखे पांढरे दात निसर्गात नसतात. कुणाच्या दाताची झाक पिवळसर, कुणाची करडी. जशी कातडी, तसा दात; आईबापांकडून आलेला. शिवाय वयाबरोबर कवच झिजते, आतला थर जाड होतो आणि पन्नाशीत विशीतला रंग राहत नाही. तुमच्यापैकी ज्यांची मुले सहा-सात वर्षांची आहेत त्यांनी आणखी एक ऐकून ठेवा. दुधाचे दात पडून नवे आले की आया घाबऱ्याघुबऱ्या होतात, "हे असे पिवळे कसे आले?" म्हणून. कायमचे दात दुधाच्या दातांपेक्षा पिवळसरच असतात. शेजारी दुधाचे दात असतात म्हणून ते जास्त डोळ्यांत भरतात एवढेच. त्या पोराच्या दातांना लिंबू लावू नका हो!

मग डाग म्हणतो ते कुठले? डॉक्टरीणबाईंनी सोपे करून सांगितले. एक डाग दाताच्या अंगावर बसतो, दुसरा दाताच्या अंगात असतो. पहिला धुऊन निघतो, दुसरा धुऊन निघत नाही.

अंगावरचे डाग म्हणजे चहा, कॉफी, पान, तंबाखू. पानातला कात आणि चुना मिळून असा काही लेप बसवतात की ब्रश त्याच्यापुढे हात टेकतो. लोहाचे टॉनिक घेणाऱ्या मुलांचे दात काळपट होतात. तो डाग कायमचा नसतो, निघतो. म्हणून टॉनिक बंद करू नका, नळीने पाजा आणि वर पाणी द्या. डॉक्टरांनी दिलेले क्लोरहेक्सिडिनचे चूळ भरायचे औषध बरेच दिवस चालू ठेवले तरी तपकिरी डाग पडतात. असले सगळे डाग आणि कीटण दवाखान्यात यंत्राने साफ करून मिळते. याला डॉक्टर 'स्केलिंग' म्हणतात.

"पण साफ केल्यावर दात हलतात म्हणे!" वहिनींनी विचारलेच. आपल्यातल्या दहाजणी तरी हेच विचारतील. दात साफ केल्याने हलत नाहीत. कीटण हिरडीखाली शिरून हाड खात असते, त्यामुळे दात आधीच सैल झालेला असतो. कीटणाने तो सिमेंट लावल्यासारखा धरलेला असतो. ते काढले की खरी स्थिती उघडी पडते, दातांमध्ये फट जाणवते, चार दिवस गार-गरम झोंबते. दोष मात्र साफ करणाऱ्याच्या माथी! पुष्कळजणींना एवढ्यानेच काम भागते, पुढे ब्लीचिंगची गरजच पडत नाही. 'दात पांढरे करणाऱ्या' पेस्टही फार तर हेच वरवरचे काम करतात, दाताचा मूळ रंग त्या बदलत नाहीत.

अंगातले डाग निराळे. लहानपणी फ्लोराइड जास्त असलेले पाणी पोटात गेले की कायमचे दात घडतानाच बिघडतात. खडूसारखे पांढरे पट्टे, जास्त असेल तर तपकिरी ठिपके, आणि तेही डाव्या-उजव्या दातांवर जोडीने. आपल्या सोलापुरात, विशेषतः पूर्व भागातल्या पद्मशाली घरांतून, तेलंगणातून आलेल्या सुना कितीतरी. तिकडचा नळगोंडा जिल्हा या दुखण्यासाठी देशभर माहीत आहे. तिथल्या बोअरचे पाणी पिऊन वाढलेल्या मुलीचे दात असे असले की सासरची माणसे म्हणतात, "दात घासत नाही." घासून घासून बिचारीच्या हिरड्या सोलल्या तरी तो डाग जायचा नाही, कारण तो वर नाहीच. पिण्याच्या पाण्यात लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते, दुसरा स्रोत नसेल तर दीडपर्यंत, असे भारतीय मानक आहे. घरात लहान मूल असेल आणि पाणी बोअरचे असेल, तर ते एकदा तपासून घ्या. आठ वर्षांच्या आतली काळजीच कामाची, नंतर दात घडून झालेले असतात.

तसेच टेट्रासायक्लिन या औषधाचे. गर्भारपणाच्या उत्तरार्धात आईने किंवा आठ वर्षांच्या आत मुलाने ते घेतले, तर मुलाच्या दातांवर करडे-तपकिरी आडवे पट्टे येतात. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या काहीजणींचे दात असे दिसतात, त्याचे मूळ लहानपणीच्या तापाच्या बाटलीत असू शकते. म्हणून गरोदरपणी उरलीसुरली गोळी घरच्या डब्यातून काढून गिळू नका. आणि एकच दात काळा पडला असेल, लहानपणी पडल्या-झडल्याचा मार असेल, तर तो दात आतून मेलेला असतो. त्याला आधी रूट कॅनाल, मग आतूनच औषध भरून उजळवतात. बाहेरून काही लावून उपयोग नाही.

आता ब्लीचिंग. हल्ली सगळ्या मुलींना हवे असते, म्हणून नीट समजून घ्या. १९८९ साली हेवूड आणि हेमन या दोन अमेरिकन दंतवैद्यांनी रात्री घालून झोपायच्या साच्याची पद्धत प्रसिद्ध केली. डॉक्टर तुमच्या दातांचे माप घेऊन पातळ साचा करून देतात. त्यात कार्बामाइड पेरॉक्साइडचे दहा टक्क्यांचे जेल एकेक थेंब घालायचे आणि रात्री दातांवर चढवून निजायचे. साधारण दोन आठवड्यांत फरक दिसतो. टेट्रासायक्लिनच्या डागांना मात्र महिनेच्या महिने लागतात आणि तरी पूर्ण जाईलच असे नाही. दुसरी रीत दवाखान्यातली: हिरड्या झाकून जास्त कडक औषध लावायचे, तास-दीड तासात काम. दोन्हींत काही दिवस दात झोंबतात, मग थांबते. रंग जन्मभर टिकत नाही, चहा-कॉफी चालू राहिली की हळूहळू परत उतरतो.

तीन गोष्टी ध्यानात ठेवा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी ब्लीचिंग करू नये, वाढत्या मुलांनाही नको. किडलेला दात, उघडी मुळे यांचा आधी बंदोबस्त. आणि औषधाने फक्त स्वतःचा दात उजळतो. कॅप, सिमेंट, खोटा दात जसाच्या तसा राहतो. म्हणून पुढच्या दाताला कॅप बसवायची असेल तर आधी ब्लीचिंग, मग त्या रंगाची कॅप. उलटे केलेत तर शेजारी शेजारी दोन रंग! फ्लोराइडचे गडद डाग असतील तर दातावर पातळ पापुद्रा चिकटवतात किंवा रंगाचे सिमेंट लावतात. ते खर्चाचे काम आहे, पण करून घेतलेल्या बायकांचे हसू मी पाहिले आहे. ब्यूटी पार्लरमध्ये मात्र हे करून घेऊ नका. १९४८ च्या दंतवैद्य कायद्याप्रमाणे नोंदणी झालेल्या दंतवैद्यालाच हे काम करता येते. खाजगी दवाखाना परवडत नसेल तर आपल्या सिव्हिल हॉस्पिटलात दातांचा विभाग आहे, केगावला दंत महाविद्यालय आहे. तपासणी आणि सफाईसाठी तिथे जायला संकोच कसला?

इथपर्यंत सगळे मुलीचे चालले होते. वहिनी खुर्चीच्या मागे उभ्या राहून हो हो म्हणत होत्या. बोलताना त्यांचाही पदर तोंडाशी. डॉक्टरीणबाईंनी सहज म्हटले, "या, आता तुम्ही बसा."

"मला काय झालंय? माझं काय आता लग्न व्हायचंय?"

"बसा तर खरं."

मैत्रिणींनो, वहिनी मशेरी लावतात. गल्लीत सगळ्यांना माहीत, कारण तव्यावर तंबाखू भाजायला घेतली की ठसका आमच्या घरापर्यंत येतो. त्यांच्या आईने विड्या वळून पाच मुले वाढवली. विडीच्या घरात तंबाखू मांडीवरच्या सुपातच असते. ती भाजून, कुटून पत्र्याच्या डबीत भरायची आणि सकाळी परसात बसून बोटाने दातांवर फिरवायची, हे लहान मुलगी बघत बघत शिकते. "मिसरी लावल्याबिगर मला परसाकडंच होत नाही बघा," हे वहिनींचे ठरलेले उत्तर. ते खोटे नाही. निकोटिनने आतड्याला चालना मिळते, आणि तीच सवय होऊन बसते. सकाळी एकदा म्हणता म्हणता दुपारी, रात्री, डोके दुखले की. दात स्वच्छ करायचे म्हणून सुरू केलेली वस्तू. आणि दातांवरचा हट्टी काळा थर तिचाच!

गंमत बघा, दात काळे असणे हे आपल्याकडे एकेकाळी रूपच होते. हिरडा, हिराकस घालून केलेले दातवण सवाष्णीच्या शृंगारातले. हिराकस आणि हिरडा एकत्र आले की काळी शाई होते, तीच दातांवर चढवायची. दातवण गेले, तशी कुंकवाच्या करंड्याशेजारची त्याची डबीही गेली. तंबाखूची डबी मात्र राहिली. १९९२ साली सरकारने तंबाखू घातलेल्या टूथपेस्ट आणि दंतमंजनावर बंदी घातली, २०१२ साली महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली. पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीवर बंदी कोण घालणार आणि धोक्याचे चित्र कुठे छापणार?

डॉक्टरीणबाईंनी वहिनींचा खालचा ओठ खाली ओढला आणि बोलायच्या थांबल्या. आतल्या बाजूला, मशेरी साठून राहते तिथे, रुपयाएवढा पांढरा चट्टा होता. कापसाने पुसून पाहिला, निघाला नाही. दुखत नव्हता. दुखला असता तर वहिनी निदान बोलल्या असत्या!

अशा चट्ट्याचे काय होते, हे आपल्या महाराष्ट्रातल्या बायकांच्या तोंडांतूनच शास्त्रज्ञांना कळले आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या डॉ. फली मेहता यांच्या पथकाने पुणे जिल्ह्यात खेडोपाडी जाऊन १,०१,७६१ माणसांची तोंडे तपासली, त्याचा अहवाल १९७२ साली प्रसिद्ध झाला. असे चट्टे आणि तोंडाचा कर्करोग बहुतेक सगळे तंबाखू वापरणाऱ्यांतच सापडले. आपल्या जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आहे आणि देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली तिथेच सुरू झाली. आणि ही केवळ म्हाताऱ्या बायकांची गोष्ट नाही. मुंबईत १,२१७ गरोदर बायकांचा अभ्यास झाला, तो २००४ साली छापून आला. तंबाखू तोंडात वापरणाऱ्यांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी जन्मली. त्यांतल्या पुष्कळजणी मशेरीवाल्याच होत्या.

वहिनींच्या चट्ट्याचा कणभर तुकडा तपासायला पाठवला. दहा दिवस लागले. ते दहा दिवस त्या घरात लग्नाच्या याद्या पडून होत्या. वहिनी मला म्हणाल्या, "ताई, पोरीचे दात बघायला गेलो आणि हे काय निघालं!" मी काय बोलणार? बसले त्यांच्याजवळ. अहवालात कर्करोग नाही असे आले; पण चट्टा हा इशारा आहे, मशेरी आजच्या आज बंद, आणि दर तीन महिन्यांनी दाखवायचे, असे बजावून सांगितले. तंबाखू सुटली की असे चट्टे बऱ्याचदा कमी होतात, कधी नाहीसेही होतात.

पहिला आठवडा कठीण गेला. चिडचिड, डोकेदुखी, पोटाचा तर बोजवाराच. रात्री भिजत घातलेले काळे मनुके, सकाळी कोमट पाणी, जेवणात भाकरीबरोबर पालेभाजी, असे करत पोट मार्गाला लागले. बोटाला चाळा हवा म्हणून त्या बडीशेप चघळत. मध्ये दोनदा डबी उघडलीच, मला स्वतः येऊन सांगितले. तंबाखू सोडण्यासाठी सरकारचा फुकट फोन आहे, १८००-११-२३५६; लेकीने तो लावून दिला. आधी वहिनी लाजल्या, मग अर्धा तास बोलत होत्या.

तुम्ही स्वतः घरी काय पाहायचे? उजेडात आरसा घ्या. ओठ, गालांची आतली बाजू, जीभ वर करून खालची जागा, कडा. पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरलेली जखम, तिखट आधी सोसत होते आणि आता सोसत नाही, तोंड पूर्वीइतके उघडत नाही (सुपारी खाणाऱ्यांनी हे विशेष पाहावे), यांतले काहीही दिसले तर दातांचा रंग राहू द्या बाजूला आणि दाखवून या. सासूबाईंचे, आईचेही तोंड पाहा. त्या स्वतःहून सांगत नाहीत.

मुलीने फक्त दात साफ करून घेतले. ब्लीचिंगचे पुढे बघू म्हणाली. लिंबू सोडल्यावर कळही थांबली आहे. वहिनींचेही साफ झाले. डबी अजून परसातल्या कोनाड्यात आहे, फेकवत नाही म्हणतात. परवा, पाडव्याच्या आदल्या दिवशी, मला हाक मारून स्वयंपाकघरातल्या ट्यूबखाली उभ्या राहिल्या, ओठ खाली ओढला आणि म्हणाल्या, "बघा की ताई, कमी झालाय का?" मला तरी तो आठ आण्याएवढा वाटला. डॉक्टरीणबाईंनी पुढच्या सोमवारी बोलावले आहे.